भिंत-पलंग : जागेचा हिशेब आणि भाराची वाटणी

शहरांतील घरे जसजशी लहान होत गेली, तसतशी 'जागा वाचविणारे फर्निचर' ही संज्ञा जाहिरातींतून बोलण्यात व बोलण्यातून लेखनात रूढ होत गेली. शास्त्रीय दृष्टीने ही संज्ञा सैल आहे. जागा ही काही धान्यासारखी वाचवून कणगीत भरून ठेवता येणारी वस्तू नव्हे. खोलीचे क्षेत्रफळ भिंतींनी एकदाच ठरवून दिलेले असते. त्या क्षेत्रफळाचा दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी निरनिराळा उपयोग करून घेणे, एवढेच आपल्या हाती असते. दिवसा भिंतीशी उभा राहणारा व रात्री जमिनीशी समांतर होणारा पलंग हे या युक्तीचे सर्वांत परिचित उदाहरण होय. इंग्रजीत त्यास 'मर्फी बेड' हे नाव पडले आहे. प्रस्तुत लेखात आपण त्यास भिंत-पलंग म्हणू.

हा पलंग मिटविताना दोन गोष्टी नाहीशा झाल्याचा भास होतो : एक त्याने व्यापलेली जागा आणि दुसरी त्याचे वजन. दोहोंपैकी एकही वस्तुतः नाहीशी होत नाही. पहिलीची किंमत वेळाच्या व श्रमाच्या रूपाने द्यावी लागते. दुसरे हातावरून उतरून भिंतीवर जाते. पहिली गोष्ट गृहिणीच्या ध्यानात आठवडाभरात येते. दुसरी मात्र घरमालक, सुतार आणि विक्रेता या तिघांच्याही ध्यानात पुष्कळदा येत नाही, आणि धोका आहे तो तिच्यातच. म्हणून या लेखात तिचा विचार अधिक विस्ताराने करावयाचा आहे.

प्रथम जागेचा हिशेब पाहू. मुंबईतील वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतील एका बिऱ्हाडाच्या वाट्याची खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर प्रथम २२५ चौरस फुटांचे होते, पुढे ते २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांचे झाले. साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद असा दोघांचा पलंग ३२.५ चौरस फूट जागा व्यापतो. म्हणजे चाळीच्या खोलीचा पाचवा हिस्सा आणि ३०० चौरस फुटांच्या घराचा नववा हिस्सा एकट्या पलंगाखाली जातो. तोच पलंग भिंतीशी उभा केला, तर त्याचे कपाट साडेपाच फूट लांब व दीड फूट खोल, म्हणजे सुमारे सव्वाआठ चौरस फूट जागा घेते. मोकळी होणारी जागा स्थूलमानाने २४ चौरस फूट. पलंग रात्री आठ तास उघडा राहतो असे धरले, तर ही जागा दिवसाचे सोळा तास मिळते. क्षेत्रफळ व काळ यांचा गुणाकार हेच येथे खरे माप मानावयास हवे, आणि त्या मापाने लाभ ३८४ 'चौरसफूट-तास' इतका येतो.

हे माप वापरले की एक गोष्ट चटकन स्पष्ट होते. ज्या घरात कोणी रात्रपाळी करून सकाळी झोपतो, जेथे बाळंतीण आहे, किंवा जेथे अंथरुणास खिळलेले वडीलधारे माणूस आहे, त्या घरात पलंग मिटण्याचे तास भराभर कमी होतात व लाभ जवळजवळ शून्यावर येतो. कपाटाची सव्वाआठ चौरस फूट जागा मात्र जातेच. शिवाय मोकळी झालेली जागा खऱ्या अर्थाने मोकळी नसते. तेथे जड टेबल, शिवणयंत्र वा तांदळाचा डबा कायमचा ठेवता येत नाही. जे रोज रात्री उचलून बाजूस करता येईल तेवढेच तेथे मांडावयाचे. तेव्हा भिंत-पलंग घेण्यापूर्वी घरातील माणसे कोणत्या वेळी झोपतात याची दिनचर्या मांडून पाहावी. खोलीची लांबी-रुंदी मोजण्याइतकेच ते आवश्यक आहे.

येथे थोडे विषयांतर करून हे नमूद केले पाहिजे की, ज्या घरात पलंगच नव्हता तेथे हा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. सतरंजी, वाकळ, गोधडी, फार तर एक पातळ गादी. सकाळ झाली की घड्या घालावयाच्या, वळकट्या बांधावयाच्या, एका कोपऱ्यात त्यांची रास रचून वरून चादर टाकावयाची. याहून अधिक मितव्ययी शयनव्यवस्था यंत्रशास्त्रास आजवर सुचलेली नाही. प्रत्येक वस्तू दोन-तीन किलोग्रॅमची असल्याने ती उचलण्यास स्प्रिंग लागत नाही, बिजागरी लागत नाही, आणि भिंतीवर कसलाच भार येत नाही. मग ही पद्धत सोडून पलंगाकडे का वळावे? हौस व प्रतिष्ठा ही कारणे आहेतच, परंतु सर्वांत सबळ कारण गुडघ्यांचे आहे. ज्यास जमिनीवर बसणे व तेथून उठणे अशक्य झाले आहे, त्यास उंचावरील शय्या हवीच. म्हणजे लहान घरात भिंत-पलंगाची खरी गरज पुष्कळदा अशा माणसास असते की ज्याच्या अंगी तो उचलण्याची शक्ती नाही. तोल साधणाऱ्या यंत्रणेचे महत्त्व या विरोधातून उत्पन्न होते.

पाश्चात्त्य देशांत या पलंगाचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. शिकागो येथे फर्निचरचे दुकान चालविणाऱ्या सारा गुड या कृष्णवर्णीय महिलेस १४ जुलै १८८५ रोजी एका कपाट-पलंगाचे एकस्व मिळाले. मिटविल्यावर त्याचे लिहिण्याचे मेज होत असे. अमेरिकेत एकस्व मिळविणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. तथापि नाव राहिले ते विल्यम लॉरेन्स मर्फी यांचे. १९०० च्या सुमारास ते सॅन फ्रान्सिस्को येथे एका खोलीच्या घरात राहत होते. ज्या गायिकेवर त्यांचे मन जडले होते तिला शयनगृहात बोलाविणे तत्कालीन शिष्टाचारास मान्य नव्हते, म्हणून त्यांनी पलंग उभा करून दाराआड दडविण्याची युक्ती काढली आणि शयनगृहाची बैठक बनविली, अशी कथा सांगतात. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, तिच्यातील सामाजिक तर्क बरोबर आहे. त्या समाजात पलंग दिसणे यावरून खोलीचे नाव ठरत होते. पलंग दडला की खोलीचे नावही पालटे. आपल्याकडे माजघरात वा ओटीवर रात्री अंथरूण पडे व सकाळी निघे, म्हणून खोलीस असे एकच नाव चिकटून राहत नसे.

मर्फी यांच्या कंपनीने पुढे या पलंगांचा मोठा व्यवसाय केला. १९१६ मध्ये चार्ली चॅप्लिन यांच्या 'वन ए. एम.' या मूकपटात मद्यधुंद नायकाची अशा पलंगाशी झालेली झटापट लोकांनी पोट धरून पाहिली. यावरून ही वस्तू तोवर किती परिचित झाली होती ते दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांतील प्रशस्त घरे वाढली व तिची मागणी घटली. १९८९ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने 'मर्फी बेड' हे नाव आता कोणा एका कंपनीच्या मालकीचे राहिले नसून ते वस्तूचे सामान्यनाम झाले आहे, असा निर्णय दिला. युरोपात या कल्पनेस निराळे वळण मिळाले. फ्रँकफुर्ट शहरात एर्न्स्ट माय यांच्या नेतृत्वाखाली १९२५ ते १९३० या काळात कामगारांसाठी ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांतील लहान घरांत मिटणाऱ्या पलंगांचा उपयोग करण्यात आला. १९२९ मध्ये त्याच शहरी भरलेल्या आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा विषय 'किमान जीवनमानासाठी निवास' हा होता. पलंग दडविण्यामागील संकोच येथे गळून पडला व चौरस मीटरांचा हिशेब पुढे आला. मुंबईतील आजचा ग्राहक या दुसऱ्या परंपरेचा वारस आहे, जरी जाहिरातीत त्यास नाव पहिल्या परंपरेचे ऐकू येत असले तरी.

आता यंत्रशास्त्राकडे वळू. पलंगाची चौकट व गादी मिळून हलणारा भाग ६० किलोग्रॅमचा व सुमारे दोन मीटर लांबीचा आहे, उशाकडील टोकाशी असलेल्या आडव्या अक्षाभोवती तो फिरतो आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून एक मीटरवर आहे, असे समजू. पलंग आडवा असताना गुरुत्वाकर्षणाचे अक्षाभोवतीचे परिबल, म्हणजे बल व अक्षापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार, ६० किलोग्रॅम-मीटर होते. पायथ्याशी धरून उचलू पाहणाऱ्यास आरंभी ३० किलोग्रॅमचा भार हाती येतो. पलंग जसजसा वर जाईल तसतसे हे परिबल जमिनीशी झालेल्या कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते : ६० अंशांवर निम्मे होते व सरळ उभ्या स्थितीत शून्य. म्हणून तोल साधणाऱ्या यंत्रणेने केवळ जोर पुरविणे पुरेसे नाही. तो जोर कोनाबरोबर त्याच नियमाने घटला पाहिजे. नाहीतर पलंग प्रारंभी हटवादीपणाने खाली बसून राहील आणि अर्ध्यावर गेल्यावर आपण होऊन कपाटात आदळेल. चॅप्लिनच्या पलंगाचा खोडकरपणा याच जातीचा होता.

यावर एक अत्यंत सुंदर उत्तर आहे. अक्षाच्या बरोबर वर h इतक्या उंचीवर कपाटात एक बिंदू घ्यावा, पलंगाच्या बाजूवर अक्षापासून a अंतरावर दुसरा बिंदू घ्यावा, आणि या दोहोंमध्ये अशी स्प्रिंग ताणावी की जिचा ताण तिच्या संपूर्ण लांबीच्या प्रमाणात असेल. स्प्रिंगचा स्थिरांक k मानल्यास, तिचे अक्षाभोवतीचे परिबल k, a, h व कोनाची कोज्या या चौघांचा गुणाकार इतके येते. कोज्या दोन्हीकडे आल्याने ती निघून जाते, आणि k, a व h यांचा गुणाकार एकदा ६० किलोग्रॅम-मीटर इतका जुळविला की पलंग कोणत्याही कोनात सोडला तरी तेथेच थांबतो. सिद्धता दोन ओळींची आहे व ती विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावी. १९३२ मध्ये जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज अभियंत्याने हवा तेथे स्थिर राहणाऱ्या दिव्याचे एकस्व घेतले, त्यातील तोलाचे तत्त्व याच कुळातले. आपल्या उदाहरणात a ३० सेंटिमीटर व h ६० सेंटिमीटर घेतल्यास पलंग आडवा असताना दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचा एकत्रित ताण सुमारे २२४ किलोग्रॅम होतो. साठ किलोग्रॅमचा पलंग तोलण्यासाठी पावणेचार पट ताण! तरफेच्या आखूड बाजूने काम करावयाचे तर ही किंमत द्यावीच लागते. ज्या फळीत स्प्रिंगचा खुंट बसवावयाचा ती फळी, तिचे स्क्रू आणि तिचे सांधे या आकड्यास पुरे पडले पाहिजेत. भुसा दाबून केलेल्या हलक्या तक्त्यात लाकडाचे स्क्रू पिळून हे काम भागत नाही.

आजकाल स्प्रिंगऐवजी गॅसच्या नळकांड्या अधिक प्रचारात आहेत. बाजारात त्यांस 'हायड्रॉलिक' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः जोर द्रवाचा नसून कोंडलेल्या नायट्रोजन वायूचा असतो, तेल असते ते गती मंद करण्यापुरते. यांचा जोर सर्व लांबीभर जवळजवळ सारखा राहतो, म्हणून तोल प्रत्येक कोनात अचूक जुळत नाही. कुशल रचनाकार खुंटांच्या जागा अशा निवडतो की आडव्या स्थितीजवळ पलंग किंचित जड वाटावा व उभ्या स्थितीजवळ तो किंचित भिंतीकडे ओढला जावा. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो हेही विसरता कामा नये. नागपुरातील १० अंशांची थंडी आणि ४५ अंशांचा उन्हाळा यांत हा फरक सुमारे बारा टक्के पडतो, तेव्हा हिवाळ्यात ठाकठीक वाटणारा पलंग वैशाखात स्वतःहून उठू लागला तर त्यात नवल नाही. मुंबईत हा उपद्रव कमी.

तोल नेहमी एका ठराविक वजनासाठी जुळविलेला असतो. गादी काढून चौकट उघडली तर तोलाचा जोर तिला मोठ्या वेगाने वर फेकतो. बसविणाऱ्या कारागिरांना इजा होते ती बहुधा याच वेळी. म्हणून स्प्रिंग गादी ठेवल्यावरच ताणावी व गादी बदलताना प्रथम पलंग खाली बांधून घ्यावा. गादीच्या निवडीतही आपल्याकडे एक खास अडचण आहे. कापसाची गादी रोज सोळा तास उभी राहिली की कापूस हळूहळू उशाच्या बाजूस उतरतो. वरचा भाग खोळीसारखा रिता व खालचा गोळ्यांनी भरलेला होतो. गादीवाल्याकडून टाके जवळजवळ घालून घेतले तर हे लांबते, टळत नाही. काथ्याची वा फोमची, फार जाड नसलेली गादी आणि तिला चौकटीशी धरून ठेवणारे पट्टे हीच व्यवस्था टिकते.

येथवर हातावरील भाराचा विचार झाला. आता मुख्य मुद्दा. स्प्रिंग पलंगाचा तोल सांभाळते तेव्हा ती स्वतः कशास धरून असते? कपाटास. पलंगावर तिने जितके परिबल वर उचलण्याच्या दिशेने लावले, तितकेच ती कपाटावर पुढे ओढण्याच्या दिशेने लावते. कपाट स्वतः ५० किलोग्रॅमचे असून त्याचा गुरुत्वमध्य पुढील कडेपासून २० सेंटिमीटर मागे आहे व अक्ष त्या कडेच्या जवळपास वर आहे असे धरले, तर त्याचे स्वतःचे वजन केवळ १० किलोग्रॅम-मीटर परिबलाचा प्रतिकार करते. उरलेले ५० किलोग्रॅम-मीटर कपाटास उलथवू पाहतात. दोन मीटर उंचीवर जे बोल्ट भिंतीत गेले आहेत, त्यांवर याचा अर्थ २५ किलोग्रॅमची सतत ओढ असा होतो. आणि ही ओढ पलंग उघडा असेपर्यंत, म्हणजे रात्रभर, कायम राहते. झोपणाऱ्यांचे वजन पायथ्याच्या पायांवर व अक्षावर जाते, त्याने ही ओढ कमी होत नाही.

एखादा पलंग एका बोटाने उघडतो म्हणून दुकानात त्याची वाखाणणी होते. ती योग्यच आहे; पण एका बोटाने उघडणे याचा अर्थच असा की, साठाचे साठ किलोग्रॅम-मीटर आता कपाटाकडे गेले आहेत. तोल जितका अचूक, तितकी भिंतीवरील जबाबदारी पुरती. पंचवीस किलोग्रॅम हा आकडा दिसावयास लहान आहे, परंतु तो स्थिर अवस्थेचा आहे. घाईने खेचलेला पलंग मध्येच अडला, मिटलेल्या पलंगाची मूठ धरून मुलाने लोंबकाळून पाहिले, किंवा हात सुटून पलंग झटक्याने थांबला, तर क्षणभर त्याच्या अनेक पट ओढ निर्माण होते. शिवाय वारंवार कमी-जास्त होणाऱ्या भाराने गिलाव्यातील छिद्र हळूहळू रुंद होत जाते. अशा कामात वरच्या बोल्टांनी एकत्रितपणे निदान १५० किलोग्रॅम ओढ सहन केली पाहिजे असे धरून चालणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, अतिशयोक्तीचे होणार नाही.

भिंत मात्र सर्वत्र सारखी नसते. परदेशी बनावटीच्या पलंगासोबत जी पुस्तिका येते ती अमेरिकन घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. तेथील भिंत म्हणजे लाकडी उभ्या दांड्यांचा सांगाडा व त्यावर जिप्समचे तक्ते. दांडे सामान्यतः १६ इंचांच्या अंतराने असतात, आणि स्क्रू तक्त्यात न जाता दांड्यातच गेला पाहिजे हा पुस्तिकेतील मुख्य उपदेश असतो. आपल्या घरात दांडा नाहीच. कारागीर मग आपल्या नेहमीच्या सवयीने छिद्र पाडतो, त्यात रावळ प्लग ठोकतो व स्क्रू पिळतो. तसबिरीस ते पुरते, भिंत-पलंगास पुरत नाही.

जुन्या इमारतींत बाहेरची भिंत नऊ इंची विटांची व आतील आडभिंत साडेचार इंची असते. नव्या इमारतींत आडभिंतीसाठी हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे वापरतात, ज्यांस बांधकामावर एएसी ब्लॉक म्हणतात. ते करवतीने कापता येतात, यावरूनच त्यांच्या अंगच्या मऊपणाची कल्पना यावी. साधा प्रसरण पावणारा बोल्ट त्यात आवळू गेले की तो आपल्या सभोवतीचे द्रव्य चुरडतो आणि घट्ट झाल्याचा आभास निर्माण करून पुढे सैल पडतो. काही नव्या इमारतींत आतील भिंतीही लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या ओतीव असतात. पलंगाच्या दृष्टीने त्या सर्वोत्तम, जरी छिद्र पाडणाऱ्याची त्या परीक्षा पाहतात. भिंत कोणत्या जातीची आहे हे ओळखण्यास मोठ्या साधनांची गरज नाही. ड्रिलमधून गळणारी भुकटी पाहावी : तांबडी भुकटी विटेची, पांढुरकी, पिठासारखी, जोर न लावता गळणारी भुकटी सच्छिद्र ठोकळ्याची, करडी भुकटी व सुईचा वाढता आवाज काँक्रीटचा. अर्थात त्यापूर्वी भिंतीत पुरलेल्या विजेच्या तारा व पाण्याचे नळ कोठून गेले आहेत ते पाहणे आवश्यकच. बटणांच्या पेटीच्या सरळ वर-खाली तारा असतात असे समजून चालावे.

यातून एक पेच उद्भवतो. आतील आडभिंत कोरडी पण दुबळी, बाहेरची भिंत सबळ पण पावसाळ्यात ओलसर. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीस ओल फुटते; तिच्याशी गादी लावून ती सोळा तास बंद कपाटात ठेवली की बुरशी व कुबट वास यांना आमंत्रणच. ढेकणांनाही काळोखी, उबदार, न हलणारी फट हवीच असते. (खाटा उन्हात टाकून त्यांवर उकळते पाणी ओतणाऱ्या मागच्या पिढीस हे निराळे सांगावयास नको.) बाहेरची भिंत निवडावयाचीच झाली तर कपाटाची पाठ भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवावी, तिला वर-खाली झरोके ठेवावेत, आणि पावसाळ्यात गादी आठवड्यातून एकदा तरी दिवसभर उघडी ठेवावी.

आमच्या मते अधिक शहाणपणाचा मार्ग हा की, भिंतीकडून शक्य तितकी कमी अपेक्षा करावी. कपाटाच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून छतालगतच्या काँक्रीटच्या तुळईपर्यंत दोन उभे लोखंडी चौकोनी नळ बसवावेत, खाली त्यांस रुंद पट्टी जोडून जमिनीशी व वर तुळईशी बोल्ट करावे आणि कपाट या नळांस जोडावे. मग उलथविणारे परिबल तुळई व जमीन यांच्यात वाटले जाते, व आडभिंत केवळ पाठीशी उभी राहते. तुळई योग्य जागी नसेल तर आडभिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूस तळहाताएवढी लोखंडी पट्टी द्यावी, म्हणजे ओढ एका छिद्राच्या कडेवर न पडता भिंतीच्या मोठ्या भागावर पसरते. पलीकडे शेजाऱ्याचे घर असल्यास हा उपाय अर्थातच बंद होतो. अशा वेळी सच्छिद्र ठोकळ्यांसाठी बनविलेले, राळेने चिकटणारे बोल्ट वापरावेत व त्यांची संख्या वाढवावी. आडवा उघडणारा, म्हणजे लांब कडेभोवती फिरणारा, एकाचा पलंग घेतला तरी ओझे पुष्कळ उतरते. ३५ किलोग्रॅमच्या अशा पलंगाचा गुरुत्वमध्य अक्षापासून अवघा ४५ सेंटिमीटर असल्याने परिबल सोळा किलोग्रॅम-मीटरांच्या आतच राहते. त्यास भिंतीची लांबी अधिक लागते, पण खोलीत पुढे येतो तो केवळ तीन-साडेतीन फूट. अरुंद खोलीस तो फार उपयोगी.

कपाट उभे करताना ओळंबा सोडून पाहण्याचा कंटाळा करू नये. जुन्या घरांच्या फरशीस मोरीकडे उतार असतो. कपाट दोन अंशांनी पुढे झुकले तर मिटलेल्या पलंगाचा गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि जो पलंग स्वतःच्या वजनाने भिंतीकडे रेलून राहावयाचा तो आता केवळ खिटीच्या भरवशावर उभा असतो. तोलाची यंत्रणा निकामी होऊन असा पलंग उभ्या स्थितीतून मोकळा पडला तर काय होते, याचे गणित ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावरून सहज करता येते. एका टोकाशी खिळलेल्या दोन मीटर लांब सारख्या दांड्याचे मोकळे टोक जमिनीशी पोचते तेव्हा त्याचा वेग सेकंदास ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. वेगाच्या या सूत्रात वजन येत नाही, त्यामुळे पलंग हलका म्हणून तो हळू पडेल ही आशा व्यर्थ आहे. आणि अमेरिकेतील उदाहरण तर याहूनही बोलके आहे. भिंतीशी नीट न जखडलेले पलंग कपाटासकट सुटून माणसांवर पडल्याच्या तक्रारींनंतर २०२२ मध्ये तेथे सुमारे १,२९,००० भिंत-पलंग परत मागविण्यात आले. अशाच एका अपघातात २०१८ मध्ये ७९ वर्षांची एक महिला मृत्यू पावली होती. तोलाची यंत्रणा शाबूत असूनही भिंत सुटली तर हे घडते.

म्हणून बसविणाऱ्याचे काम संपल्यावर व पहिल्या रात्रीपूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. मुलांना खोलीबाहेर ठेवून पलंग गादीसकट उघडावा व कपाटाच्या वरच्या कडेपाशी कपाट व भिंत यांवर मिळून पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढावी. पाय जमिनीस टेकले आहेत हे पाहून दोन माणसांनी पायथ्याशी बसावे, उठावे, पुन्हा बसावे. पलंग वीस वेळा उघडावा व मिटवावा. त्यानंतर मिटलेल्या पलंगाची मूठ धरून एका सशक्त माणसाने आपले अंग मागे झोकून ओढून पाहावे. पलंग पुन्हा उघडून रेघ जुळते की नाही ते पाहावे. अर्धा मिलिमीटर जरी फट दिसली तरी बोल्ट अधिक आवळून समाधान मानू नये. ते काढून छिद्राची स्थिती तपासावी, कारण आवळल्याने चुरा झालेले द्रव्य पुन्हा घट्ट होत नाही. रेघ पुसू नये. सहा महिन्यांनी, व त्यानंतर दर पावसाळा संपल्यावर, तिच्याकडे पाहण्यास मिनिटभर पुरतो.